पिशवीतला पावसाळा

जुलै महिन्यात ऐरोलीत पापड सादळतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते आणि दोरीवरची चादर दुसऱ्या दिवशीही हाताला दमटच लागते. पारा दिवसरात्र साधारण 25 ते 30 अंशांच्या मध्ये रेंगाळतो. पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि तिच्या काठचं कांदळवन, पूर्वेला पारसिकच्या डोंगरांची रांग, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं हे गाव. याच दिवसांत जर्मनीत किंवा पोलंडमध्ये कुणीतरी आपल्या घरातल्या प्लॅस्टिकच्या डब्याला हीटर लावून, आत ओला कापूस ठेवून, तापमापकावर नजर ठेवत नेमकी हीच हवा तयार करत असतं. त्या डब्यात एक रेशमी पिशवी टांगलेली असते आणि पिशवीत टॅरंटुला या केसाळ कोळ्याची अंडी असतात.

ती अंडी पुष्कळदा मूळच्या आपल्याकडच्याच जातीची असतात. पोसिलोथेरिया ही झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या, पायांवर पिवळे-पांढरे-काळे पट्टे मिरवणाऱ्या मोठ्या कोळ्यांची प्रजाती फक्त भारत आणि श्रीलंकेत सापडते. तिच्यातल्या अनेक जाती आर. आय. पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1899 मध्ये शास्त्रीय नावानिशी नोंदवल्या. लंडनच्या संग्रहालयात बसून, भारतातून बाटल्यांमध्ये आलेले नमुने पाहून त्याने हे काम केलं आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश भारतातल्या अष्टपादांवर अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. नमुने मेलेले होते, त्यामुळे हे कोळी अंडी कधी घालतात, कशी जपतात हे त्या बाटल्यांतून कळण्यासारखं नव्हतं. ते पुढे कळत गेलं, आणि त्यातलं बरंचसं कळलं ते युरोप-अमेरिकेतल्या हौशी पाळणाऱ्यांच्या डब्यांतून. म्हणून टॅरंटुलाच्या प्रजननाची गोष्ट सांगायची तर आधी त्या डब्यांतच डोकावावं लागतं.

सुरुवात नरापासून. टॅरंटुलाचा नर मोठा होईपर्यंत मादीसारखाच दिसतो. शेवटची कात टाकली की त्याचं रूप पालटतं. अंग सडपातळ होतं, पाय लांब दिसू लागतात आणि तोंडाजवळच्या दोन छोट्या सोंडपायांच्या टोकांना फुगीर कुपी तयार होतात. या कुपी म्हणजे त्याची वीर्य वाहून नेण्याची साधनं, पण त्या आपोआप भरत नाहीत. नर एक छोटं जाळं विणतो, त्याच्या खाली उलटा शिरून पोटाखालच्या छिद्रातून वीर्याचा थेंब जाळ्याला लावतो, मग वर येऊन एकदा डावी, एकदा उजवी कुपी त्या थेंबात बुडवत राहतो. हे काम बराच वेळ चालतं आणि बहुधा रात्री होतं, त्यामुळे पाळणाऱ्याला सकाळी दिसतात त्या त्या जाळ्याच्या फाटक्या चिंध्या. नर तयार झाल्याची ती खूण.

यानंतर नराकडे फार दिवस उरत नाहीत. काही महिने, फार तर एखाद-दीड वर्ष. तो खाणं कमी करतो आणि भटकायला लागतो. पावसाळ्याच्या सुमारास जंगलालगतच्या वस्तीत भिंतीवर किंवा जिन्यात मोठा केसाळ कोळी अचानक दिसतो, तो बऱ्याचदा असा मादीच्या शोधात निघालेला नर असतो. मादी मात्र आपली ढोली किंवा बीळ सहसा सोडत नाही. नर दाराशी येऊन पाय आणि सोंडपाय जमिनीवर आपटून ताल धरतो. मादी तयार असेल तर आतून तसंच उत्तर येतं. पाळणारे दोघांचे डबे आधी काही दिवस शेजारी ठेवतात ते यासाठीच. मादीला आधी पोटभर खाऊ घातलेलं असावं लागतं, कारण भुकेल्या मादीपुढे आलेला नर तिचं जेवण ठरू शकतो. पोसिलोथेरियाच्या बाबतीत हा धोका पुष्कळ कमी असतो. या जातींचा नर मादीच्याच ढोलीत काही आठवडे सुखाने राहिल्याची उदाहरणं पाळणाऱ्यांमध्ये नेहमी सांगितली जातात.

मीलन झालं म्हणजे अंडी फळली असं नाही. नराने दिलेलं वीर्य मादी पोटातल्या खास कप्प्यांत साठवून ठेवते आणि अंडी बाहेर पडताना, म्हणजे कित्येक महिन्यांनीही, ती फळतात. यात एक मोठी गोम आहे. टॅरंटुलाची मादी प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहते, आणि कात टाकताना त्या कप्प्यांचं आतलं अस्तरही बाहेर पडतं, त्यात साठवलेल्या वीर्यासकट. मीलनानंतर अंडी घालण्याआधी तिने कात टाकली तर सगळं मुसळ केरात. म्हणून जाणकार पाळणारा मादीने नुकतीच कात टाकलेली असेल तेव्हाच नर आणतो, म्हणजे पुढची कात लांब असते. टाकलेली कात तो जपून ठेवतो, पाण्यात भिजवून मऊ करतो आणि पोटाच्या भागात ते कप्पे आहेत का ते भिंगाखाली पाहतो. हातातला कोळी नर की मादी हे ठरवण्याचा तोच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

मग वाट पाहणं. इथे बऱ्याच पाळणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने उमगली: वर्षभर एकसारखी उबदार, दमट हवा दिली तर मादी अंडी घालायचं मनावर घेत नाही. म्हणून ते तिच्यासाठी ऋतू तयार करतात. काही आठवडे हवा थोडी थंड आणि कोरडी ठेवायची, पाणी फक्त वाटीत. मग तापमान हळूहळू वर न्यायचं आणि एके दिवशी डब्यात भरपूर पाणी ओतायचं. सह्याद्रीतल्या हिवाळा-उन्हाळा-पावसाळ्याचा तो बंदिस्त अवतार असतो. पहिला पाऊस पडल्यावर किडे बाहेर पडतात, पिलांना खायला मिळतं, आणि हा हिशेब या प्राण्यांच्या अंगात लाखो वर्षं मुरलेला आहे. डब्यातला कोळी ढोलीबाहेरचं आभाळ कधीच पाहत नाही, तरी तो पावसाळ्याची वाट पाहतो, हे मला या साऱ्या खटाटोपातलं सर्वांत विलक्षण सत्य वाटतं.

अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीचं तोंड रेशमाने बंद करते. आत रेशमाची जाड गादी विणते, तिच्यावर अंगातून द्रव आणि अंडी एकत्र सोडते. अंडी मोहरीपेक्षा मोठी, पिवळसर-पांढरी आणि ओलसर असतात. त्यांच्यावर रेशमाचा दुसरा थर चढतो. मग ती गादीच्या कडा पायांनी आणि दातांनी सोडवत वर ओढते आणि मोदकाच्या कळ्या जुळवून तोंड बंद करावं तशी सगळ्या बाजूंनी मिटवत आणते. त्यानंतर गोळा फिरवत फिरवत वरून रेशीम चढवते. शेवटी हाती येते ती चिवट, कागदासारख्या पापुद्र्याची पिशवी. पोसिलोथेरियाच्या एका पिशवीत साधारण साठ ते दीडशे अंडी असतात. दक्षिण अमेरिकेतली थेराफोसा ब्लाँडी ही अवाढव्य जात आपल्या पोटावरचे खाजरे केस पिशवीच्या रेशमातच विणते, म्हणजे अंड्यांवर डल्ला मारायला आलेल्याच्या तोंडाची आग व्हावी. आपल्याकडच्या जातींकडे असे केस नसतात. त्यांच्याकडे असते ती आई.

आणि ही आई काय काय करते हे पाहण्यासारखं आहे. पिशवी ती दातांत आणि सोंडपायांत धरून बसते. खाणं जवळजवळ बंद. दिवसातून अनेकदा ती पिशवी हलवते, वळवते, कधी ढोलीच्या तोंडाजवळ आणते तर कधी खोल नेते. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात विल्यम बेअर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टॅरंटुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि 1958 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिकडच्या बिळात राहणाऱ्या माद्या पिशवी उन्हासाठी बिळाच्या तोंडाशी आणतात हे आता चांगलंच माहीत आहे. पिशवी फिरवण्यामागचं कारण सोपं आहे. अंडी एका जागी दाबून राहिली तर खालची चिकटतात, चेपतात, एखादं नासलं की त्याची बुरशी शेजाऱ्यांकडे जाते. ओल कमी झाली तर अंडी सुरकुततात, जास्त झाली तर कुजतात. आई हे सगळं जोखत असते आणि त्यानुसार जागा बदलत असते.

माणसाने पिशवी उबवायला घेतली की हेच काम त्याच्याकडे येतं. पाळणारे साधारण महिन्याभराने मादीकडून पिशवी काढून घेतात. लांब चिमट्याने मादीला एका बाजूला अडवायचं आणि दुसऱ्या चिमट्याने पिशवी सोडवायची. ती सहज सोडत नाही, आणि पोसिलोथेरियाचा चावा हलक्यात घेण्याजोगा नाही. माणूस मेल्याची नोंद नसली तरी तीव्र वेदना आणि स्नायूंचे पेटके येतात, आणि ते काही दिवसांनी उलटून आल्याच्याही नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पिशवी काढल्यावर ती बारीक कात्रीने कडेने कापतात. आत अंडी जिवंत असतील तर ती मोकळी, एकसारख्या रंगाची आणि टपोरी दिसतात. नासलेली अंडी तपकिरी, खडबडीत किंवा काळपट असतात आणि वास येतो. ती ब्रशने लगेच वेगळी काढावी लागतात. उरलेली अंडी कॉफी गाळायच्या कागदाच्या किंवा जाळीदार कापडाच्या छोट्या झोळीत ठेवतात, झोळी एका पेल्यावर ताणतात, पेला झाकणाला भोकं असलेल्या डब्यात ठेवतात आणि डब्याच्या तळाशी ओला कापूस किंवा शेवाळ घालतात. पाणी अंड्यांना लागता कामा नये, त्याची वाफ मात्र लागली पाहिजे. तापमान 26 ते 28 अंश. दिवसातून दोनतीन वेळा झोळी हलक्या हाताने तिरकी करून अंडी जागची हलवायची.

मग बदल दिसू लागतात. अंड्यांना बारीक पाय फुटल्यासारखे दिसतात. अंड्याचं टरफल खाली सरकतं आणि आतला जीव पाय पसरतो. पांढराफटक, केस नसलेला, डोळे असून नसल्यासारखे, चालता येत नाही, खाता येत नाही. पोटातल्या बलकावर तो जगतो. दोनतीन आठवड्यांनी पहिली कात पडते आणि पाय जरा हलू लागतात. या वेळी डब्यात नजर टाकली तर पांढऱ्या ढिगात सगळीकडे मंद वळवळ दिसते. न फळलेली अंडी आणि दुबळी भावंडं यांच्यावर काही पिलं ताव मारतात, तेही निसर्गातलंच. पुढच्या कातीनंतर अंगावर रंग चढतो, पोटावर नक्षी उमटते, धागा काढता येतो, आणि पहिल्यांदा शिकारीची भूक जागी होते. इथपर्यंत सगळं नीट झालं, तर अंडी घातल्यापासून साधारण दोन-अडीच महिने गेलेले असतात.

आता माझं मत. मादी पिशवी सांभाळत असेल तर ती तिच्याकडेच राहू द्यावी. पहिलटकरीण मादी पुष्कळदा पिशवी खाऊन टाकते, धक्का बसला तरी खाते, आणि त्या भीतीने पाळणारे घाई करतात. पण झोळी, हीटर, ओला कापूस या सगळ्याचा खटाटोप म्हणजे आईच्या दोनचार कामांची ढोबळ नक्कल आहे. पिशवी काढून घेण्याची खरी गरज पडते ती मादीने ती टाकून दिली तर, मादी आजारी पडली तर, किंवा पिशवीत माश्या शिरल्या तर. एरवी शांत, अंधारी जागा आणि ओल-कोरड्याचा समतोल दिला की बहुतेक माद्या आपलं काम चोख करतात.

समतोल हा शब्द ऐरोलीच्या वाचकाला विशेष कळेल. युरोपात सगळी धडपड ओल टिकवण्याची. इथल्या जुलैत ओल फुकट मिळते, खोलीतच मिळते. इथे अडचण असते ती हवा कोंडण्याची. बंद डब्यात ओल साचली आणि वारा खेळला नाही की अंड्यांवर पांढरा बुरशीचा कापूस दोन दिवसांत चढतो. शिवाय पावसाळ्यात उपद्रवी अशा बारीक कुबडमाश्या कुजक्या वासाला येतात आणि पिशवीत अंडी घालतात. मुंग्यांचं तर विचारूच नका. म्हणून उष्ण, दमट प्रदेशात असा डबा ठेवायचा तर झाकणाला बारीक जाळीची मोठी खिडकी हवी, आणि डबा पाण्याच्या ताटात ठेवायला हवा, तांदळाच्या डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून घरोघरी ठेवतात तसा. मे महिन्यातला उकाडा मात्र वेगळं प्रकरण आहे. तापमान तिशीच्या बरंच वर गेलं की अंडी भराभर वाढत नाहीत, ती मरतात.

एवढं सगळं वाचल्यावर कुणाला वाटेल, मग आपणही का पाळू नयेत? यावर बोलायला आंध्र प्रदेशातल्या गुत्तीची गोष्ट सांगावी लागते. गुत्तीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत 1899 मध्ये एक निळा टॅरंटुला सापडला. पोकॉकने त्याला पोसिलोथेरिया मेटॅलिका नाव दिलं. नंतर शंभर वर्षं त्याचा पत्ताच नव्हता. गुत्तीला तो बहुधा लाकडांबरोबर दुसरीकडून आला असावा, असं पुढे मानलं गेलं. 2001 च्या सुमारास नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात, गुत्तीपासून सुमारे 100 किलोमीटरवर, तो पुन्हा सापडला. त्यानंतर अगदी थोड्या वर्षांत तो युरोपातल्या डब्यांमध्ये पोहोचला आणि तिथे हजारोंनी वाढला. आज जगभरातल्या कोळी पाळणाऱ्यांकडे तो आहे, आणि त्याचं मूळ जंगल मात्र 100 चौरस किलोमीटरपेक्षा कमी विस्ताराचं, लाकूडतोडीने विरळ झालेलं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने 2008 मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं.

पिंजऱ्यात वाढवल्याने जात वाचते हा युक्तिवाद इथे मला अपुरा वाटतो. डब्यातली पिलं कुठल्या थोड्या माद्यांपासून आली याचा हिशेब नाही, काही ठिकाणी वेगवेगळ्या जातींची सरमिसळ झाली आहे, आणि या कोळ्यांना ज्या जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात त्या ढोल्या पिलांबरोबर पाठवता येत नाहीत. बहुतेक टॅरंटुलांची पिलं इतर कोळ्यांसारखी धाग्यावर तरंगत लांब जातही नाहीत. जन्मल्या झाडाच्या आसपासच ती पसरतात. त्यामुळे एक डोंगरउतार गेला तर शेजारच्या डोंगरावरून नवे येऊन जागा भरतील याची खात्री नसते. प्रजननाचं ज्ञान बाहेर वाढलं आणि जंगल आपल्याकडे घटलं, ही या साऱ्याची खरी शोकांतिका आहे.

जगातल्या देशांनी 2019 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत सगळी पोसिलोथेरिया प्रजाती सायटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातली. मेक्सिकोतली लालगुडघी टॅरंटुला त्याआधीच, 1985 पासून, या परिशिष्टात होती. भारताने 2022 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती करून सायटिसच्या यादीतले प्राणी बाळगण्याची नोंदणी सक्तीची केली. म्हणजे हा प्राणी कुणी भेट म्हणून दिला तरी तो कागदांशिवाय घरात ठेवता येत नाही. जंगलातून उचलून आणण्याचा तर प्रश्नच नाही. तरीही चोरटा व्यापार चालतो. जुलै 2021 मध्ये चेन्नई विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक टपाल उघडलं, तर आत चांदीच्या वर्खासारख्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या छोट्या नळ्यांमध्ये 107 जिवंत कोळी निघाले. ते तामिळनाडूतल्या अरुप्पुकोट्टईच्या पत्त्यावर चालले होते. प्रवासात अशा पिलांतली किती मरतात याची मोजदाद कोण ठेवणार?

ऐरोलीकरांसाठी खरा टॅरंटुला खाडीपलीकडे आहे. ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला उतरलं की मागे डोंगर उभे राहतात, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं हे जंगल तीन बाजूंनी महानगराने वेढलेलं आहे, आणि त्याच्या आसपासच्या आरे भागात झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांच्यासारख्या तरुण संशोधकांनी विंचू आणि कोळ्यांच्या अभ्यासाला नवं वळण दिलं. हॅप्लोक्लास्टस व्हॅलिडस या पश्चिम भारतातल्या टॅरंटुलावर त्यांनी टिपण प्रसिद्ध केलं. जिवंत प्राण्यामागे रात्री टॉर्च घेऊन फिरायचं, बीळ पाहायचं, मापं घ्यायची, हे काम पोकॉकला बाटल्यांतून करता आलं नव्हतं. भारतीय टॅरंटुलांच्या संवर्धनासाठी मंजू सिलिवाल आणि संजय मोलूर यांनीही असंच चिकाटीचं काम केलं आहे.

या कामात सर्वसामान्य माणसाला हातभार लावता येतो, तो पिशवीच्याच संदर्भात. आपल्याकडे कुठल्या जातीची मादी कोणत्या महिन्यात पिशवी धरते, किती दिवस धरते, पिलं किती काळ ढोलीत राहतात, याच्या नोंदी फार थोड्या आहेत. राष्ट्रीय उद्यानात किंवा ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीने रात्रीची भ्रमंती करणाऱ्याने तारीख, झाडाची जात, ढोलीची उंची, मादीजवळ पिशवी होती की नाही, एवढं लिहून ठेवावं. फोटो लांबून घ्यावा, कडक प्रकाश फार वेळ मारू नये, काडी घालून कोळी बाहेर काढू नये. ढोलीचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर तर कधीच टाकू नये, कारण चोर तेच वाचतो.

आणि सोसायटीच्या जिन्यात एखादा टॅरंटुला आलाच, तर मोठी रुंद तोंडाची बरणी वरून पालथी घालावी, खालून जाड पुठ्ठा सरकवावा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. चप्पल उचलण्याआधी एवढं आठवावं की मादी योग्य परिस्थितीत दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून अधिक जगू शकते, आणि भटकणारा नर असेल तर त्याच्या कुपींत पुढच्या पावसाळ्याची पिशवी असू शकते.